पाठीवरचा ऑक्सिजन, नाकावरचा वारा

विल्यम हेन्री ब्रॅग हे भौतिकशास्त्रातलं मोठं नाव. क्ष-किरणांच्या मदतीने स्फटिकांची रचना उलगडून दाखवल्याबद्दल १९१५चं नोबेल त्यांना आणि त्यांच्या मुलाला, लॉरेन्सला, मिळून मिळालं. १९३०च्या दशकात, सत्तरी ओलांडल्यावर, हेच ब्रॅग फुटबॉलमधले रबरी ब्लॅडर घेऊन खटपट करत बसले होते. त्यांच्या शेजारच्या एका गृहस्थांना स्नायू झिजत जाण्याचा आजार होता आणि छातीचे स्नायूही आता साथ देईनात. माणसं आळीपाळीने त्यांची छाती हातांनी दाबून श्वास चालू ठेवत होती. ब्रॅगनी एक ब्लॅडर त्यांच्या छातीवर पट्ट्याने बांधला, नळीने तो दुसऱ्या ब्लॅडरला जोडला आणि हा दुसरा बिजागरीच्या दोन फळ्यांमध्ये ठेवला. फळ्या मिटल्या की छातीवरचा ब्लॅडर फुगे, छाती दाबली जाई, हवा बाहेर पडे. फळ्या उघडल्या की छाती आपल्याच ताणाने पूर्ववत होई आणि हवा आत शिरे. पुढे रॉबर्ट पॉल यांनी या खटाटोपाचं रीतसर यंत्र बनवलं. हे पॉल म्हणजे इंग्लंडमध्ये सिनेमाची सुरुवात करणाऱ्यांपैकी एक. यंत्राला नाव पडलं ब्रॅग-पॉल पल्सेटर.

या पुस्तकाचा विषय त्या पट्ट्यापाशी सुरू होतो. माणसाला श्वास घ्यायला मदत करणारी, आणि तरीही त्याला उठू-बसू देणारी, अंगावर घालता येणारी साधनं.

त्या काळात इस्पितळांना माहीत असलेलं यंत्र अगदी दुसऱ्या टोकाचं होतं. हार्वर्डच्या फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी बनवलेलं ‘आयर्न लंग’ ऑक्टोबर १९२८मध्ये बॉस्टनच्या बाल रुग्णालयात पहिल्यांदा वापरलं गेलं. पोलिओने श्वास बंद पडत चाललेली आठ वर्षांची मुलगी त्यात ठेवली, आणि काही मिनिटांत ती शुद्धीवर आली. पुढे न्यूमोनियाने ती दगावली, पण यंत्र चालतं हे सगळ्यांनी पाहिलं. धातूचं लांबट पिंप, त्यात मानेपासून खाली सगळा माणूस, डोकं तेवढं बाहेर, गळ्याभोवती रबरी कॉलर. पिंपातली हवा ओढली की छाती फुगायची, सोडली की बसायची. हवा ओढायला व्हॅक्यूम क्लीनरचे पंखे वापरले होते. हे घरगुती उपकरण या कथेत पन्नास वर्षांनी पुन्हा भेटणार आहे, तेही दुसऱ्या खंडात.

ड्रिंकरचं पिंप महाग होतं. जॉन इमर्सनने १९३१मध्ये स्वस्त आणि हलकी आवृत्ती काढली. ऑस्ट्रेलियात एडवर्ड बोथने ते प्लायवुडचं केलं, आणि मोटारींचे कारखानदार लॉर्ड नफील्ड यांनी १९३८पासून आपल्या काउलीच्या कारखान्यात अशी यंत्रं बनवून ब्रिटिश साम्राज्यातल्या इस्पितळांना फुकट देऊ केली. मोटारींच्या कारखान्यात श्वासयंत्रं बनणं ही कोविडकाळाची नवलाई नव्हे.

जीव वाचायचा, पण माणूस पिंपातच राहायचा. डॅलसच्या पॉल अलेक्झांडर यांना १९५२मध्ये सहाव्या वर्षी पोलिओ झाला. मार्च २०२४मध्ये अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते वारले, तोवर आयर्न लंग त्यांच्या आयुष्यातून गेलं नाही. मधल्या काळात ते कायद्याची पदवी घेऊन वकिली करून आले. हे जमलं एका युक्तीमुळे. घशाने हवेचे घोट भरभरून फुफ्फुसात ढकलायचे, बेडूक करतो तसं. मुलाने तीन मिनिटं असा श्वास घेतला तर त्याला कुत्र्याचं पिल्लू मिळेल, असं त्याच्या थेरपिस्टबाईंनी कबूल केलं होतं. पिल्लू मिळालं. पुढे आत्मचरित्राचं नावही त्यांनी ‘थ्री मिनिट्स फॉर अ डॉग’ असंच ठेवलं. यंत्राबाहेर किती वेळ राहता येतं, हाच त्या आयुष्याचा हिशेब होता. आणि अंगावरच्या साधनांची सगळी धडपड हा हिशेब उलटा करण्याची आहे. यंत्र माणसाबरोबर चालायला हवं.

कल्पना तशी जुनी. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचा मुलगा एडवर्ड १८८१मध्ये जन्मतःच श्वासाच्या त्रासाने गेला. त्यानंतर बेलनी धातूचं एक ‘व्हॅक्यूम जॅकेट’ तयार केलं, छातीभोवती घालायचं, पंपाने आतली हवा कमी-जास्त करायची. त्याचा फारसा वापर झाला नाही. पण दिशा बरोबर होती, आणि ती का बरोबर होती हे कळायला श्वासाची घडण थोडी पाहावी लागते.

छाती हा लोहाराचा भाता आहे. भाता हवा आत ढकलत नाही. तो पसरतो, आत पोकळी होते, हवा आपोआप येते. बरगड्यांच्या खालचं श्वासपटल खाली सरकतं, छाती मोठी होते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो, आणि सुमारे अर्धा लिटर हवा आत येते. मिनिटाला बारा ते वीस वेळा, दिवसाला वीस हजारांच्या आसपास. बेलचं जॅकेट, ड्रिंकरचं पिंप, पुढे आलेली कासवाच्या पाठीसारखी छातीवर बसवायची कवचं, ही सगळी बाहेरून छाती ओढून निसर्गाचीच नक्कल करणारी. ब्रॅगचा पट्टा नेमका उलट, तो छाती दाबून हवा बाहेर काढायचा. तिसरा मार्ग आहे नाका-तोंडातून हवा आत ढकलण्याचा, आणि आज जगभर चालतो तो हाच.

त्याला चालना मिळाली ती १९५२च्या कोपनहेगनमध्ये. पोलिओची साथ इतकी मोठी की ब्लेगडॅम रुग्णालयातली मोजकी यंत्रं पुरेनात. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी गळ्याला छिद्र पाडून नळी घालायची आणि रबरी पिशवी हाताने दाबत राहायचं, असा मार्ग काढला. पिशव्या दाबायला वैद्यकीय विद्यार्थी बोलावले. सुमारे पंधराशे विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून अनेक आठवडे हे काम केलं, आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्याने घसरलं. आजच्या अतिदक्षता विभागाचा जन्म तिथला. मात्र त्याची एक किंमत होती. श्वास आता गळ्यातल्या नळीशी आणि इस्पितळाच्या खाटेशी बांधला गेला.

तो सुटला सिडनीत, आणि सुटला तोही वेगळ्याच आजाराच्या निमित्ताने.

झोपेत काही माणसांचा घसा मिटतो. घोरणं एकदम थांबतं, छाती हलत राहते पण हवा जात नाही, मग दचकून, धापा टाकत जाग येते, आणि पुन्हा झोप. हे रात्रीतून शेकडो वेळा. दिवसा हा माणूस गाडी चालवताना, जेवताना, बोलता बोलता पेंगतो. १९७०च्या दशकात यावर खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला कायमचं छिद्र. सिडनीत डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांच्याकडे जून १९८०मध्ये बांधकामावर काम करणारा एक रुग्ण आला. आजार गंभीर होता, पण गळा कापून घ्यायला तो तयार नव्हता. नाकावाटे सतत थोड्या दाबाने हवा सोडली तर घसा मिटणारच नाही, असं सुलिव्हन यांचं म्हणणं. तो एका रात्रीच्या प्रयोगाला तयार झाला. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी लावली, ओढण्याऐवजी फुंकणारी. दाब वाढवत नेला तसं घोरणं थांबलं आणि तो कित्येक दिवसांची राहिलेली झोप झोपला. पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांचा निबंध आला. आज सीपॅप म्हणतात ते हेच.

हे यंत्र पहिल्या रुग्णांनी घरी वापरलं ते कसं, हे थोडं जवळून पाहण्यासारखं आहे. चेहऱ्याचा साचा घेऊन प्रत्येकासाठी वेगळा मास्क बनवायचा. रात्री तो नाकाभोवती सिलिकॉनच्या डिंकाने चिकटवायचा आणि सकाळी उचकटून काढायचा. मोटरचा आवाज घरभर, म्हणून ती दूर ठेवून लांब नळी ओढायची. एवढं करून लोक रोज रात्री ते लावत होते, कारण दिवसा जागं राहता येणं म्हणजे काय हे त्यांना नव्यानेच कळलं होतं. मोटरीत फारसं नवं नव्हतं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत खरा बदल झाला तो मास्कमध्ये. मऊ सिलिकॉनची गादी आली, डोक्यामागून जाणारे पट्टे आले, श्वास सोडलेली हवा निघून जायला बारीक भोकं आली. वैद्यकाच्या इतिहासात या बारीक भोकांना कुणी ओळ देत नाही. ती नसती तर रुग्ण आपलीच सोडलेली हवा पुन्हा घेत राहिला असता.

इथे एक गल्लत दूर करायला हवी, कारण आपल्याकडे घरोघरी ती होते. ‘त्यांना मशीन लावलंय’ म्हणताना कोणतं मशीन हे बहुतेकांना सांगता येत नाही. श्वासाची कामं दोन. ऑक्सिजन रक्तात पोचवायचा, आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायचा. पहिलं काम फुफ्फुसाच्या पडद्यांचं, दुसरं मुख्यतः भात्याचं. फुफ्फुस खराब झालं पण भाता चालतोय, तर ऑक्सिजन द्यावा. भाताच थकला तर नुसता ऑक्सिजन पुरत नाही, हवा ढकलणारं यंत्र लागतं, म्हणजे बायपॅप. सीपॅप या दोन्हींत बसत नाही. ते वाट उघडी ठेवतं, श्वास माणूस स्वतःच घेतो. बायपॅप श्वास घेताना जास्त दाब देतं आणि सोडताना कमी.

गल्लत धोक्याची कशी ते बिडी-सिगारेटने किंवा चुलीच्या धुराने फुफ्फुसं गेलेल्या रुग्णात दिसतं. ज्याच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड आधीच साठलाय त्याला घरच्यांनी मायेपोटी ऑक्सिजनचं बटण वर केलं, तर ऑक्सिमीटरवर ९८ येतं, सगळे निश्चिंत होतात, आणि माणूस गुंगीत जातो. म्हणून अशा रुग्णांसाठी डॉक्टर ८८ ते ९२च्या मध्येच आकडा ठेवायला सांगतात. २०१०मध्ये टास्मानियातल्या रुग्णवाहिकांमध्ये याची चाचणी झाली. मोजूनमापून ऑक्सिजन दिलेल्यांत मृत्यू भरपूर ऑक्सिजन दिलेल्यांपेक्षा निम्म्याहूनही कमी होते. आकडा कमी दिसतोय म्हणून बटण फिरवू नका, हे घरच्यांना पटवणं मात्र अवघड जातं.

चुलीचा उल्लेख वर सहज आलेला नाही. धुराने फुफ्फुसं जाण्याचा हा आजार, म्हणजे सीओपीडी, सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा अशी पाश्चात्त्य पुस्तकांची समजूत होती. पुण्यातले श्वसनरोगतज्ज्ञ संदीप साळवी यांनी लंडनच्या पीटर बार्न्स यांच्याबरोबर २००९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये कधीच धूम्रपान न केलेल्यांच्या सीओपीडीवर लिहिलं, आणि लाकूड-गोवऱ्यांच्या धुराला त्याचं श्रेय, म्हणजे दोष, मिळाला. आयुष्यभर चुलीपुढे बसलेली बाई साठीनंतर जिना चढताना दम लागतो म्हणते, आणि घरचे ‘वयच झालं’ म्हणून सोडून देतात. ऑक्सिजनचं यंत्र अशा घरात पोचतं तेव्हा बरंच उशिरा पोचलेलं असतं.

पाठीवर घेऊन हिंडायच्या ऑक्सिजनचा उगम शोधायचा तर सोळाशे मीटर उंचीवरच्या डेन्व्हर शहरात जावं लागतं. तिथली हवा मुळात विरळ. १९६०च्या दशकात थॉमस पेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रवरूप ऑक्सिजनचे छोटे नळे रुग्णांच्या खांद्याला अडकवून त्यांना चालायला लावलं. अशा रुग्णाने पडून राहावं, हा तेव्हाचा सल्ला. चालणारे रुग्ण सुधारले. मग १९८०च्या अमेरिकी आणि १९८१च्या ब्रिटिश चाचणीने तासांचा प्रश्न निकाली काढला. रक्तातला ऑक्सिजन फारच कमी असलेल्यांत दिवसातून पंधरा तास किंवा जास्त ऑक्सिजन घेणारे अधिक जगले. म्हणजे दम लागला की दहा मिनिटं नळी लावायची, ही जी आपल्याकडची सर्रास पद्धत आहे, तिने आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही.

उलट बाजूही आहे. २०१६मध्ये ७३८ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत, ज्यांचा ऑक्सिजन थोडाच कमी होता त्यांना घरी ऑक्सिजन दिला; आयुष्य वाढलं नाही, इस्पितळात भरती होणं कमी झालं नाही. खोकल्याच्या औषधासारखा ‘असू दे घरात’ म्हणून ऑक्सिजन घेणाऱ्यांनी हे वाचण्यासारखं आहे.

आता पाठीवरच्या पिशवीत सिलिंडर नसतो, कॉन्सन्ट्रेटर असतो. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. यंत्र हवा दाबून झिओलाइट नावाच्या खनिजाच्या खड्यांतून पाठवतं. खडे नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढे जातो. खडे भरले की दाब सोडायचा, धरलेला नायट्रोजन फुस्सकन बाहेर. तोवर दुसऱ्या नळकांड्यातले खडे कामाला लागलेले असतात. दर काही सेकंदांनी येणारा तो ‘फुस्स’ आवाज ज्या घरात यंत्र आहे तिथल्या माणसांना काही दिवसांनी ऐकूही येत नाही.

दोन-अडीच किलोच्या यंत्रात हे बसवायचं तर काटकसर लागते. म्हणून पाठीवरची यंत्रं सतत प्रवाह देत नाहीत. रुग्णाने श्वास ओढायला सुरुवात केली की तेवढ्यापुरता ऑक्सिजनचा झोत सोडतात. इथेच विकत घेणाऱ्याची फसगत होते. यंत्रावरचा ‘५’ म्हणजे मिनिटाला पाच लिटर नव्हे, ती नुसती पायरी आहे. मिनिटाला खरोखरचे पाच लिटर देणारं घरचं यंत्र चांगलं वजनदार, चाकांवर ढकलायचं. झोपेत तोंडाने श्वास घेणाऱ्याचा श्वास छोट्या यंत्राला कधी कधी जाणवतच नाही. तेव्हा ‘लहान, हलकं, नवं’ या तीन शब्दांवर भाळून लाखाच्या पुढचं यंत्र घेण्याआधी ते लावून चालून पाहावं, चालताना ऑक्सिमीटरवर काय दिसतं ते बघावं.

महाराष्ट्राला या यंत्रांची ओळख झाली ती २०२१च्या उन्हाळ्यात, कोविडच्या लाटेत, आणि फार वाईट रीतीने. १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर लादलेली रेल्वे ऑक्सिजन आणायला विशाखापट्टणमला निघाली. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली आणि वीसहून अधिक रुग्ण गुदमरून गेले. त्या दिवसांत कॉन्सन्ट्रेटर हा शब्द गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत पोचला. परदेशातल्या मुलांनी आई-वडिलांसाठी यंत्रं धाडली. १ मेपासून अशा वैयक्तिक आयातीवरचा कर २८ टक्क्यांवरून १२वर आला. पण ज्याला मिनिटाला पंधरा लिटर लागतायत त्याला पाच लिटरचं यंत्र वाचवू शकत नाही, हे बऱ्याच घरांना यंत्र हातात आल्यावर समजलं.

त्याच काळात ऑक्सिमीटर थर्मामीटरच्या शेजारी जाऊन बसला. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात त्यामागचं तत्त्व मांडलं. बोटातून प्रकाश पाठवून रक्ताचा रंग वाचायचा, तर मध्ये येणाऱ्या कातडीच्या रंगाचा काही परिणाम होणारच. २०२०मध्ये अमेरिकेतल्या पाहणीत दिसलं, की काळ्या रुग्णांत यंत्र ठीक आकडा दाखवत असताना रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी असण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. सावळ्या माणसांच्या देशात ही माहिती यंत्राच्या खोक्यावर छापायला हरकत नाही.

आणि आग. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण पेटलेलं भडकवतो. सगळी माहितीपत्रकं ‘धूम्रपान करू नका’ म्हणतात, कारण ती ज्या देशांत लिहिली गेली तिथे तोच धोका. आपल्याकडे नाकात नळी असलेल्या आजी देवघरात निरांजन लावायला वाकतात, फोडणी द्यायला गॅसपाशी जातात, नाक कोरडं पडतं म्हणून व्हॅसलीन लावतात. तिन्ही गोष्टी टाळायच्या असतात. नाकाला पाण्यात विरघळणारं मलम चालतं. निरांजन दुसऱ्या कुणी लावावं.

श्वासाला हवाच हवी असते असं नाही, कधी कधी वाट साफ करून हवी असते. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात फुफ्फुसात चिकट कफ साचतो. पूर्वी आई-वडील दिवसातून दोनदा मुलाला पालथं घालून पाठ-छाती थोपटत. मिनेसोटाचे डॉक्टर वॉरन वॉरविक यांनी १९८०च्या दशकात त्याऐवजी हवेच्या झटक्यांनी थरथरणारं जॅकेट बनवलं. मुलगा मोठा झाल्यावर एकट्याने राहू शकेल, हा त्यातला मोठा फायदा. कॉलेजच्या खोलीत पाठ थोपटायला आई कुठून येणार? वॉरविक यांच्यावर अतुल गावंडे यांनी २००४मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये एक सुंदर लेख लिहिला. गावंडे यांचं मूळ घराणं यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचं. वॉरविक यांच्याकडचे रुग्ण इतर ठिकाणच्यांपेक्षा जास्त का जगतात, या प्रश्नाचं त्यांना सापडलेलं उत्तर यंत्रात नव्हतं. पोरगी रोजचे उपचार टाळतेय हे वॉरविक आकड्यातल्या बारीकशा घसरणीवरून ओळखत आणि तिच्याशी बोलत बसत.

अंगावर न दिसणारंही एक साधन आहे. श्वासपटलात तारा बसवायच्या आणि बाहेरच्या छोट्या पेटीतून विजेचा स्पंद द्यायचा. ‘सुपरमॅन’ झालेले नट क्रिस्टोफर रीव्ह घोड्यावरून पडून मानेखाली लुळे झाले होते. २००३मध्ये क्लीव्हलंडला त्यांच्यावर ही शस्त्रक्रिया झाली. मणक्याच्या दुखापतीत तिचा उपयोग झाला. मग साहजिकच मोटर न्यूरॉन आजारात ती वापरायची कल्पना निघाली, अमेरिकेत परवानगीही मिळाली. ब्रिटनमध्ये रीतसर चाचणी घेतली तेव्हा २०१५मध्ये निकाल आला, की तारा बसवलेले रुग्ण मध्यमान ११ महिने जगले आणि न बसवलेले साडेबावीस. याच आजारात साध्या बायपॅप मास्कने मात्र, बोलण्या-गिळण्याचे स्नायू बऱ्यापैकी शाबूत असणाऱ्यांचं मध्यमान आयुष्य २०५ दिवसांनी वाढल्याचं २००६च्या ब्रिटिश चाचणीत दिसलं होतं. नवं, आत बसवलेलं, विजेवर चालणारं ते हरलं. रबराचा मास्क जिंकला.

मास्क जिंकला, पण लावला तर. या विषयातली बहुतेक भांडणं इथे येऊन थांबतात. नाकाच्या हाडावर व्रण पडतो. हवा डोळ्यांत जाते. मिशी आणि दाढीतून गळते. रात्री कवळी काढली की गाल बसतात आणि दिवसा नीट बसणारा मास्क रात्री शिट्टी वाजवतो. पोटात हवा जाऊन फुगतं. नवरा-बायकोच्या मध्ये नळी येते, याबद्दल डॉक्टरांशी कुणी बोलत नाही. यातल्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीला उपाय आहे, वेगळ्या मापाचा मास्क, दमट हवेसाठी ह्युमिडिफायर, पट्टा घट्ट करण्याऐवजी सैल करून पाहणं. पण यंत्र विकणारा माणूस खोकं पोचवून, प्लग लावून अर्ध्या तासात निघून जातो. पहिल्या आठवड्यात यंत्र कपाटावर जातं.

ज्यांचा भाता दिवसाही चालत नाही त्यांच्यासाठी एक जुनी चीज पुन्हा बाहेर आली आहे. पोटावर बांधायचा हवेचा पट्टा. फुगला की पोट दाबून श्वासपटल वर ढकलतो, हवा बाहेर. सैल झाला की श्वासपटल स्वतःच्या वजनाने खाली, हवा आत. बसलेल्या माणसालाच चालतो, आडवं पडलं की निरुपयोगी. पण तोंड-नाक मोकळं. जेवता येतं, फोनवर बोलता येतं, शर्टाखाली कुणाला कळतही नाही. इटलीत तो अलीकडे नव्याने बनू लागला. ब्रॅगना तो लगेच ओळखू आला असता.

यंत्रावर विश्वास टाकायचा तर यंत्र बनवणाऱ्यावरही टाकावा लागतो. जून २०२१मध्ये फिलिप्सने जगभरातली लाखो सीपॅप आणि बायपॅप यंत्रं परत मागवली. आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाऊ शकतात, असं कारण दिलं होतं. रोज रात्री आठ तास ज्यातून श्वास घ्यायचा ते यंत्र बंद करावं की चालू ठेवावं, हे रुग्णांनी ठरवायचं होतं. कोविडकाळात बदली यंत्रं मिळेनात. अमेरिकेतले दावे मिटवायला कंपनीला २०२४मध्ये १.१ अब्ज डॉलर मान्य करावे लागले.

आजची यंत्रं आणखी एक गोष्ट करतात. रात्री किती तास लावलं, मास्क किती गळला, श्वास किती वेळा अडला, सगळं नोंदवून ठेवतात, बरीचशी ते मोबाइलमार्गे पाठवतातही. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याने यावरून नियमच केला आहे. पहिल्या तीन महिन्यांत सलग तीस दिवसांपैकी सत्तर टक्के रात्री किमान चार तास यंत्र वापरलेलं दिसलं, तरच पुढचे पैसे. फ्रान्सनेही २०१३मध्ये यंत्राने पाठवलेल्या तासांवर परतावा ठरवायचा प्रयत्न केला. तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१४मध्ये तो रद्दबातल केला. आजारी माणसाच्या उशाशी सरकारचा हिशेबनीस बसवायचा का, हा वाद अजून संपलेला नाही.

आपल्याकडे असा नियम नाही. यंत्र बहुतेकांनी खिशातून घेतलेलं किंवा महिन्याच्या भाड्याने आणलेलं असतं, आणि ती नोंद त्यातल्या बोटाच्या नखाएवढ्या कार्डावर पडून असते. तपासणीला जाताना रुग्ण एक्स-रेची मोठी पिशवी घेऊन जातो. यंत्र घरीच राहतं, आणि कार्ड त्यात. पुढच्या प्रकरणांतलं पहिलं प्रकरण म्हणूनच त्या कार्डावर काय असतं आणि ते डॉक्टरांसमोर कसं ठेवायचं, इथून सुरू होतं.